आधी दोरी बघा, मग पोशाखाचं कौतुक करा

स्कॉटलंडमधला पुरुष किल्ट नेसतो तेव्हा त्याच्या पुढ्यात, पोटाच्या जरा खाली, एक पिशवी लटकत असते. तिला स्पोरन म्हणतात. गेलिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच बटवा. किल्टला खिसे नसतात म्हणून ती पिशवी आली. आता तिच्यात मोबाईल, पैसे, गाडीची किल्ली असं सगळं जातं.

या पिशवीपेक्षा तिचा पट्टा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. किल्टवर मोठ्या बकलचा रुंद कंबरपट्टा दिसतो, तो शोभेचा. स्पोरन त्याला अडकवत नाहीत. स्पोरनला स्वतःचा वेगळा, अरुंद पट्टा असतो. मागच्या बाजूने चामड्याचा, पुढे बहुतेक वेळा साखळीचा. तो कमरेवर आवळत नाही, कमरेच्या हाडावर बसतो. पिशवी बकलच्या तीनचार बोटं खाली यायला हवी. फार वर आली तर बसताना पोटात खुपते, फार खाली गेली तर चालताना मांड्यांवर आपटते. नाचायची वेळ आली की ती सरकवून बाजूला घ्यायची. रोजची पिशवी साध्या चामड्याची, समारंभाची केसाळ किंवा चांदीच्या कड्याची. कोणत्या प्रसंगाला कोणता पट्टा, यावर तिथली माणसं तासतासभर वाद घालतात.

हे सगळं वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात बसून कशाला सांगायचं? कारण पोशाखाचा अभिमान बाळगणारा एक समाज तिकडे आहे आणि एक आपल्या तालुक्यात आहे. तिकडचा अभिमान पुरुषांच्या कमरेला आहे आणि त्या कमरेला पिशवी आहे. आपल्याकडचा अभिमान पोरींच्या अंगावर आहे आणि त्या अंगावर एक रुपया ठेवायला जागा नाही.

दरवर्षी १५ फेब्रुवारीला, संत सेवालाल महाराजांच्या जयंतीला, मानोरा, पोहरादेवी, दिग्रस, पुसद या सगळ्या पट्ट्यात मिरवणुका निघतात. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, देशभरातले बंजारा बांधव येतात. या दिवसांत फोटो कुणाचे निघतात? फेटिया-कांचळी घातलेल्या, डोक्यावर टुकरी घेतलेल्या, हातभर बलिया चढवलेल्या बाया-पोरींचे. फोटो काढणारे, माईकवर बोलणारे, रांगा लावणारे पुरुष कशात असतात? शर्ट-पँटमध्ये, फार तर पांढऱ्या कुर्त्यात. पँटीला चार खिसे, शर्टाला एक. पोरींच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात ओढणीचं टोक. नाच सुरू झाला की मोबाईल कुणाकडे जातो? भावाच्या खिशात.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी भांडून मांडणार आहे. ज्या पोशाखात स्वतःचा पैसा आणि स्वतःचा फोन ठेवायला जागा नाही, तो संस्कृतीचा पोशाख राहिलेला नाही, तो दुसऱ्यांनी बघायचा देखावा झालाय. फेटियाचा मान ठेवायचा असेल तर आधी त्याच्यावर कोथळी परत आणा. आणि कोथळी आणायची तर तिची दोरी नीट निवडा.

पैसा अंगावर होता

कुणी म्हणेल, पूर्वी तरी कुठे खिसे होते? नव्हते. पण पैसा होता, आणि तो बाईच्या अंगावरच होता.

बंजारा पोशाखावरच्या कवड्या आज आपल्याला नक्षी वाटतात. पण कवडी हे चलन होतं. मालदीवच्या समुद्रातून आलेल्या कवड्यांवर बंगाल-ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत व्यवहार चालत. आपल्या भाषेत ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द अजून आहेत ते त्याच हिशेबाचे. गळ्यातल्या माळेतले रुपये खरे रुपये होते. केसातल्या घुगरी-टोपलीची चांदी खरी होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्याला घर नव्हतं, तिजोरी नव्हती. लदेणीवर निघालेल्या माणसांनी बचत ठेवायची कुठे? ती बाईच्या अंगावर शिवलेली, टाचलेली, लटकवलेली असायची. अडीअडचणीला तीच मोडायची किंवा गहाण पडायची. भरतकामाच्या पिशव्या, कोथळ्या, बटवे लग्नाच्या देण्याघेण्यात असायचे ते हौसेपुरते नव्हते. माणसं सतत वाटेवर असली की पिशवी हेच त्यांचं कपाट असतं.

बंजाराच कशाला, सगळ्या मराठी मुलखाची भाषा बघा. पैसा कनवटीला असतो, गाठीशी असतो, पदरी पडतो. यातला एकही शब्द पँटीतून आलेला नाही. कनवट धोतर-लुगड्याची, गाठ पदराची. पान-सुपारीची चंची कमरेला. किल्ल्यांचा छल्ला घरच्या कारभारणीच्या कमरेला, आणि तो कुणाच्या कमरेला आहे त्यावरून घर कुणाचं ते कळायचं. ‘खिसा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, तिथे तो पिशवी या अर्थाचा. म्हणजे आज ज्याला आपण खिसा म्हणतो तीसुद्धा मुळात सुटी पिशवीच. पुरुषांच्या कपड्याला ती शिवली गेली आणि बायकांच्या कपड्यातून हळूहळू हरवली. जुन्या बायका पैसा कुठे ठेवायचा ते जाणत होत्या. आता आपण त्यांचा पोशाख घेतला आणि त्यांचा हिशेब मागेच सोडला.

भाड्याचा अभिमान

आज बाजारात ‘बंजारा ड्रेस’ मिळतो. शाळेच्या गॅदरिंगला भाड्यानेही मिळतो. त्याच्यावर आरसे प्लास्टिकचे, कवड्या प्लास्टिकच्या, नाणी पत्र्याची. नवरात्र आलं की मोबाईलवर ‘बंजारा बेल्ट’च्या जाहिराती सुरू होतात: गोंडे, आरसे, घुंगरू लावलेला कंबरपट्टा, मागे इलॅस्टिक. त्याच्यावर कधी कधी एक छोटीशी पिशवीही शिवलेली असते. तिच्यात हात घालून बघा. तोंड शिवून बंद केलेलं असतं, नाहीतर आत दोन बोटंसुद्धा जात नाहीत. पिशवीचं चित्र आहे, पिशवी नाही. एखाद्या समाजाची वस्तू विकायची आणि तिचं काम तेवढं काढून टाकायचं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

व्यापाऱ्यावर मी फार चिडत नाही. तो विकतो ते आपण घेतो. माझा राग आयोजकांवर आहे. ‘आपली संस्कृती टिकली पाहिजे, मुलींनी पारंपरिक वेशात यावं’ ही सूचना दर वर्षी फिरते. मुलांनी धोतर-पागोट्यात यावं अशी सूचना मी तरी कधी वाचलेली नाही. संस्कृती टिकवायचं ओझं निम्म्या समाजावर आणि टिकवल्याचं श्रेय उरलेल्या निम्म्याला, असा हा सरळ व्यवहार आहे. पुरुषांनी जुना पोशाख कधी सोडला, का सोडला, याची चर्चासुद्धा होत नाही. नोकरीसाठी सोडला, शहरासाठी सोडला, सोयीसाठी सोडला. मग तीच सोय पोरीला हवी असेल तर ती संस्कृती बुडवणारी कशी ठरते?

बंदीतून बाहेर आलेले दोन पोशाख

किल्टचा दाखला मी हौसेने दिलेला नाही. त्या पोशाखाच्या मागेही एक दुखणं आहे.

१७४५ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी इंग्रजी राजसत्तेविरुद्ध बंड केलं. ते मोडून काढल्यावर १७४६ च्या कायद्याने त्यांचा पोशाखच गुन्हा ठरवला. १ ऑगस्ट १७४७ पासून तिथल्या कुठल्याही पुरुषाने किंवा मुलाने तो घालायचा नाही. सूट फक्त राजाच्या फौजेत असलेल्यांना. म्हणजे आमच्यासाठी मरायला तयार असशील तर तुझे कपडे घाल. ही बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा मोठा सोहळा आखला, स्वतः राजानेच किल्ट घातला, आणि काल गुन्हा असलेला पोशाख अख्ख्या देशाचा अभिमान झाला. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर याने नंतर दाखवून दिलं की त्यातला बराच थाट नव्याने रचलेला होता.

आता आपल्याकडे या. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्या ‘विमुक्त’ शब्दाला या कायद्याचाच वास आहे. रेल्वेने तांड्यांचा धंदा आधीच मारला होता. ज्या लोकांच्या फिरण्याकडेच संशयाने बघितलं गेलं, त्यांचा पोशाख हीसुद्धा दुरून ओळख पटवायची खूण झाली. त्याच समाजातले, गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. संशयापासून संग्रहालयापर्यंतचा हा प्रवास मोठा आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे.

पण दोन्ही प्रवासांत एक फरक पडला. किल्टचं पुनरुज्जीवन राजेरजवाड्यांनी, लेखकांनी आणि कापडगिरण्यांनी केलं, त्यात पुष्कळ बनाव होता. तरी त्यांनी पिशवी काढली नाही. उलट तिला जास्त मोठी, जास्त मानाची केली. घालणारा पुरुष होता, आणि पुरुषाला पैसे जवळ लागतात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. फेटियाचं पुनरुज्जीवन करताना मात्र पिशवी राहून गेली. बाईला कशाला लागतात पैसे, सोबत घरचे असतातच की! ही चूक शिंप्याची नाही. ती एका समजुतीतून आली आहे, आणि ती समजूत फक्त बंजारा समाजाची नाही, सगळ्यांची आहे. कुर्त्याला खिसा नसतो, साडीच्या ब्लाउजला नसतो, पोरींच्या जीन्सला असतो तो अर्ध्या बोटाचा.

हा फक्त शिलाईचा प्रश्न नाही

ऑगस्ट २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत दीड हजार रुपये महिना बायकांच्या खात्यात येऊ लागले. खातं तिच्या नावावर. पण बँकेचा मेसेज ज्या फोनवर येतो तो फोन कुणाच्या खिशात असतो? ओटीपी कुणाला दिसतो? क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो कोण? ज्या घरात एकच फोन आहे तिथे तो अंगावर बाळगायची सोय ज्याच्या कपड्यात आहे त्याच्याकडे जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा ‘एक कोयता’ मोजतात, काम दोघं करतात, आणि मुकादमाची उचल घेतो नवरा. ती नोटांची गड्डी कुठे जाते? बंडीच्या आतल्या खिशात. तिला मागावी लागते.

खिसा शिवल्याने हे सगळं बदलेल असं मी म्हणत नाही. उचल कुणाच्या हातात द्यायची याचे नियम बदलावे लागतील, त्यासाठी वेगळी लढाई आहे. पण जिच्या अंगावर पैसा ठेवायला जागाच नाही तिने ‘माझा पैसा मी ठेवते’ असं म्हणायचं तरी कसं? मागणाऱ्या हातापेक्षा कमरेवरच्या पिशवीला घरात जास्त आवाज असतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: हे पाश्चात्त्य खूळ आहे. अजिबात नाही. कोथळी, चंची, बटवा, कसा, छल्ला ही सगळी आपली माणसं आहेत. आणि पाश्चात्त्यच म्हणाल तर तिकडच्या बायकाही सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात घागऱ्याच्या आत नाडीने बांधलेले सुटे खिसे वापरायच्या. कपडे तंग झाले तसे ते खिसे गेले आणि हातात इवलीशी पर्स आली. आपल्यासारखीच गोष्ट. त्यांच्याकडून घ्यायचाच असेल तर हा धडा घ्या.

दुसरा आक्षेप: मोबाईल ठेवायला पिशवी लावली तर पोशाखाचं अस्सलपण जाईल. प्लास्टिकच्या आरशांनी गेलं नाही, पत्र्याच्या नाण्यांनी गेलं नाही, इलॅस्टिकने गेलं नाही, ते नेमकं मोबाईलने जाणार? तांड्यातल्या बायकांनी वाटेत जे मिळालं ते पोशाखात घेतलं: कवडी, आरसा, शिसं, राणीछाप रुपया. जे घेण्यासारखं ते घ्यायचं, हीच त्या पोशाखाची रीत.

तिसरा आक्षेप शिकलेल्या पोरापोरींचा: कशाला हा फेटिया? जीन्स घाला, विषय संपला. ज्यांना जीन्स घालायची त्यांनी खुशाल घालावी, तिच्यावर कुणी बोट दाखवू नये. पण ज्या पोरीला आजीचा पोशाख आवडतो, जी त्यात नाचते, जिला त्यात आपली माणसं आठवतात, तिला ‘एकतर पोशाख नाहीतर सोय’ असं का सांगायचं? स्कॉटलंडच्या पोराला कुणी असं सांगत नाही.

मग दोरी कशी निवडायची

आता कामाचं बोलू, कारण नुसता राग कुणाच्या कमरेला बांधता येत नाही.

पहिली गोष्ट, पिशवीची दोरी फेटियाच्या नाड्याला बांधू नका. बहुतेक जणी हेच करतात. मोबाईल साधारण दोनशे ग्रॅमचा, वर नोटा, किल्ली, आधार कार्ड. एवढं वजन एका बाजूला लटकलं की भारी घेराचा फेटिया त्या बाजूने ओढला जातो, नाडा सैल पडतो, आणि मग सगळा कार्यक्रम एका हाताने घागरा सावरत काढावा लागतो. स्पोरनवाल्यांचा नियम इथे जसाच्या तसा लागू आहे: कपडा ज्याने बांधला त्याच्यावर पिशवीचा भार टाकायचा नाही. पिशवीला स्वतःचा पट्टा द्या.

दुसरी गोष्ट, पट्टा सुती घ्या. खाटेला लावतात तशी पण अरुंद, दोन बोटांची नवार उत्तम. ती घाम पिते, घसरत नाही, गाठ धरून ठेवते. साटीनची फीत दिसते छान, पण तिची गाठ नाचात सुटते. इलॅस्टिक तर नकोच: प्रत्येक उडीला पिशवी खाली-वर आदळते, आणि वर्षभरात ते ढिलं पडतं. साखळी हवी असेल तर स्कॉटिश माणसासारखी फक्त पुढच्या बाजूला लावा. मागे साखळी आली की कांचळीच्या मागच्या नाड्या आणि टुकरीचे धागे तिच्यात अडकतात.

तिसरी गोष्ट, पट्टा पिशवीच्या पाठीवरून सलग जाऊ द्या. दोन कोपऱ्यांना दोन तुकडे शिवले की सगळा भार चार टाक्यांवर येतो, आणि ते टाके नेमके गर्दीत तुटतात. शिंप्याला सांगा, मागे दोन पट्ट्या मार आणि त्यातून नवार ओवून दे. म्हणजे पिशवी पट्ट्यावर सरकतेही. बसस्टँडवर पुढे घ्या, नाचताना बाजूला, बसल्यावर मांडीवर.

चौथी गोष्ट, पट्टा पोटावर आवळू नका, कमरेच्या हाडावर बसवा. लांबी मोजताना फेटिया नेसूनच मोजा, कारण चुण्यांची जाडी धरावी लागते. वर एक वीत जास्त ठेवा. गाठीऐवजी दोन कड्यांतून ओढून घ्यायची सोय केली तर आई, बहीण, मैत्रीण सगळ्यांना तोच पट्टा चालतो.

पाचवी गोष्ट, तोंड. ओढबंदाची कोथळी दिसायला देखणी, पण घाईत उघडत नाही. आतून एक टिचबटण लावा, वर ओढबंद शोभेला राहू द्या. आरसे, कवड्या पुढच्या बाजूला भरा, मागची बाजू साधी ठेवा, नाहीतर फेटियाचं कापड घासून फाटतं. आणि शिवण्याआधी पिशवीत आपला फोन घालून बघा. विकत घेत असाल तर दुकानातच घालून बघा. जात नसेल तर पिशवी परत करा, कितीही सुंदर असो.

हे काम शिकलेले हात आपल्याकडे आहेत. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथल्या बायका त्यावर कमावतात. मानोऱ्याच्या तांड्यांतल्या ज्या म्हाताऱ्या अजून सुई धरतात त्यांच्याकडून चालत्या कोथळ्या करून घेतल्या, तर पोरींना पिशवी मिळेल आणि आजीच्या कनवटीला पैसा येईल. त्यासाठी योजनेची वाट बघायची गरज नाही, चार मैत्रिणींची ऑर्डर पुरते.

आणि आयोजकांनो, येत्या १५ फेब्रुवारीच्या सूचनेत दोन ओळी वाढवा. मुलांनीही पारंपरिक वेशात यावं, ही एक. आणि ज्या पोशाखात मुलगी स्वतःचा फोन आणि स्वतःचे पैसे स्वतःजवळ ठेवू शकत नाही, त्या पोशाखाला स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही, ही दुसरी. परीक्षकाने फक्त एवढंच म्हणायचं, ‘बाई, तुझी कोथळी दाखव.’ पहिल्या वर्षी गडबड होईल. दुसऱ्या वर्षी दुकानदार तोंड उघडणाऱ्या पिशव्या ठेवायला लागेल. तोवर, ज्या भावांच्या खिशात बहिणींचे फोन आहेत त्यांनी ते आधी परत करावेत.